ताटलीवरून गुरगुरणारा कुत्रा

जेवताना कुणी जवळ गेलं की कुत्रा गुरगुरतो. घरातलं कुणीतरी खेकसतं, पेपरची सुरळी उगारतं आणि काही दिवसांत गुरगुरणं खरंच थांबतं. मग एके दिवशी तो आवाजही न करता चावतो. "कारण नसताना चावला" अशा बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी हेच असतं. ताटली हिरावली जाईल ही धास्ती गेलेली नसते, इशारा द्यायची सवय तेवढी आपण मोडलेली असते. म्हणून गुरगुरल्यावर रागावू नका. थांबा, दोन पावलं मागे या.

गुरगुरण्याआधीही तो बरंच सांगत असतो. तुम्ही येताना दिसलात की खाण्याचा वेग वाढतो, घास न चावताच गिळले जातात. आणखी जवळ गेलात तर तोंड ताटलीतच राहतं, पण जबडा थांबतो. मान खाली, अंग ताठ, डोळे मात्र तुमच्याकडे, इतके तिरके की कडेची पांढरी कोर दिसते. हे थिजणं सेकंदभराचंच असतं, पण ओळखायला शिकायचं ते हेच. त्यानंतर गुरगुर, ओठ वर करून दात दाखवणं, हवेत चावा आणि शेवटी खरा चावा. यातल्या पायऱ्या तो गाळूही शकतो. शेपटीवर तर अजिबात विसंबू नका: उंच, ताठ धरलेली आणि टोकाशीच थरथरणारी शेपूट म्हणजे आनंद नव्हे.

हे वागणं अचानक सुरू झालं असेल तर आधी पशुवैद्याकडे न्या. दात किंवा कान ठणकत असला तरी कुत्रा असा चिडचिडा होतो. आधी चावलेला असेल, किंवा घरात लहान मूल असेल, तर पुढचा सराव जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करा.

सरावासाठी ताटलीत रोजचंच साधं जेवण ठेवा. हातात त्याहून चविष्ट काहीतरी हवं: मीठ, कांदा-लसूण न घालता उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे दहा तुकडे, किंवा पनीर. तो खात असताना जिथून तो निवांत राहतो तेवढ्या अंतरावर उभे राहा. समजा सहा फूट. एक तुकडा ताटलीजवळ टाका आणि लगेच मागे फिरा. मागे फिरणं महत्त्वाचं, कारण "माणूस येतो, देतो, काही न घेता जातो" हेच त्याला कळायला हवं. एका जेवणात असं आठ-दहा वेळा करा. तुम्हाला पाहून तो मान वर करून, सैल अंगाने, आता काय मिळणार म्हणून बघू लागला की अंतर अर्ध्या फुटाने कमी करा. तो थिजला तर तुम्ही घाई केलीत. दुसऱ्या दिवशी फूटभर मागून सुरू करा. ताटलीपर्यंत पोहोचायला काही आठवडे लागतात. घरातल्या प्रत्येकाने हा सराव वेगळा करायचा, कारण आईवर बसलेला विश्वास बाबांच्या खात्यात आपोआप जमा होत नाही.

"सवय लागावी म्हणून" ताटलीत हात घालणं किंवा अर्ध्या जेवणातून ताटली उचलणं हा सल्ला अजूनही दिला जातो. तो सोडून द्या. त्याने कुत्र्याचा संशय खरा ठरतो, दुसरं काही होत नाही. ताटली स्वयंपाकघराच्या दारात, येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवू नका, कोपरा द्या. दोन कुत्री असतील तर वेगळ्या खोल्यांत, दार लावून जेवू घाला.

चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. चुना, तिखट, हळद काही लावायचं नाही.

तोंडात चप्पल किंवा मोजा धरला असेल तर मागे धावू नका. पाठलाग त्याला खेळ वाटतो, नाहीतर वस्तू फारच मोलाची वाटू लागते. चिकनचा तुकडा नाकासमोर धरा, तोंड उघडलं की "सोड" म्हणा, आणखी दोन-तीन तुकडे दूर फेका आणि तो तिकडे गेल्यावरच वस्तू उचला. चेंडूसारखी निरुपद्रवी वस्तू असेल तर त्याला परत द्या. परत मिळते हे कळलं की पुढच्या वेळी सोडायला तो खळखळ करत नाही.