लांब पल्ल्याचं धावणं आणि रक्ताचा रिपोर्ट : या चुका टाळा

मॅरेथॉन धावून झाली की दोन दिवस सुट्टी असते, वर्षाची तपासणी राहिलेलीच असते, म्हणून बरेच जण लगेच रक्त देऊन येतात. रिपोर्ट हातात पडतो आणि घरात घबराट उडते. सीपीके हजारांच्या घरात, एसजीओटी वाढलेलं, पांढऱ्या पेशी एवढ्या की कुठेतरी मोठा संसर्ग असावा असं वाटतं. यातलं बहुतेक सगळं शर्यतीमुळे झालेलं असतं. सीपीके हे स्नायूंतलं एन्झाइम. तंतूंना इजा झाली की ते रक्तात उतरतं आणि साधारण एक ते तीन दिवसांत कळस गाठतं. एसजीओटीला आपण यकृताची तपासणी म्हणतो, पण ते स्नायूंतही भरपूर असतं. शंका राहिलीच तर जीजीटी हे यकृताचं दुसरं एन्झाइम पाहावं, कारण ते स्नायूंतून येत नाही. पांढऱ्या पेशी ताणाच्या संप्रेरकांमुळे वाढतात आणि एक-दोन दिवसांत जागेवर येतात. हृदयविकारासाठी पाहतात ते ट्रोपोनिनसुद्धा निरोगी धावपटूंमध्ये मॅरेथॉननंतर काही काळ वाढलेलं सापडतं.

म्हणून नेहमीची तपासणी शर्यतीनंतर एक-दोन आठवडे थांबून करा. एरवीही आधीचे दोन-तीन दिवस कठीण सराव नको. पण छातीत दुखत असेल, किंवा स्नायू असह्य दुखून लघवी गडद तपकिरी होत असेल, तर ‘धावल्यामुळे असेल’ म्हणून घरी बसू नका. तेव्हा तडक रुग्णालय गाठायचं.

हिमोग्लोबिन उतरलं म्हणजे ॲनिमियाच, असं धरून चालणं

नियमित लांब धावणाऱ्याच्या रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, १० ते २० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. तांबड्या पेशी कमी झालेल्या नसतात, त्या जास्त द्रवात पसरलेल्या असतात. हिमोग्लोबिन आपण दर डेसिलीटरमागे मोजतो, त्यामुळे १४.५चा आकडा १३.८ दिसू लागतो. हा बदल फायद्याचा आहे. हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, आणि घाम गाळूनही अभिसरण टिकून राहतं.

याच माहितीचा उलटा गैरवापरही मी पुष्कळ पाहतो. ‘धावणाऱ्यांचं कमीच असतं’ म्हणत लोक खरा ॲनिमिया अंगावर काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ पुरुषांत १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२च्या खाली हिमोग्लोबिन गेलं तर तो ॲनिमिया. तिथे कारण शोधलंच पाहिजे.

फेरिटिन न तपासणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. शरीरातलं लोह संपू लागतं तेव्हा आधी साठा रिकामा होतो आणि हिमोग्लोबिन बऱ्याच उशिरा खाली येतं. त्या मधल्या काळात सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, अगदी नॉर्मल असतो, पण नेहमीच्या वेगाला नाडी जास्त पडते, चढावर दम लागतो, पाय जड होतात. मग माणूस सराव कमी पडतोय असं समजून आणखी धावतो. साठा कळतो तो फेरिटिनमधून. ३०च्या खालचं फेरिटिन लोह कमी पडत असल्याचं दाखवतं, मग लॅबच्या कागदावर ते ‘नॉर्मल’ छापलेलं असलं तरी.

लोह जातं कुठे? पाऊल जमिनीवर आपटताना तळव्यातल्या तांबड्या पेशी फुटतात. लांब कवायतीनंतर एका सैनिकाला लाल लघवी झाल्याची नोंद जर्मनीत फ्लायशर यांनी १८८१ मध्ये केली, तेव्हापासून हे माहीत आहे. पोहणाऱ्यांमध्येही पेशी फुटतात, त्यामुळे सगळा दोष बुटांना देता येत नाही. फुटलेल्या पेशींतलं बरंचसं लोह शरीर परत वापरतं. बाकी थोडं घामातून जातं, थोडं आतड्यातल्या सूक्ष्म रक्तस्रावातून, आणि स्त्रियांमध्ये पाळीतून बरंच. त्यात जोरदार धावण्यानंतर तीन ते सहा तासांनी हेप्सिडिन हे संप्रेरक चढतं आणि आतड्यातून लोह शोषणं मंदावतं. गोळी चालू असेल तर ती सकाळी धावण्याआधी किंवा धावल्यावर लगेच, अर्ध्या तासाच्या आत घेतलेली बरी, आणि चहा-कॉफीपासून लांब. एक दिवसाआड घेतली तर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त टक्क्यांनी शोषलं जातं, हेही डॉक्टरांशी बोलून ठरवा.

स्वतःच्या मनाने मात्र गोळ्या सुरू करू नका. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, आणि काहींना लोह साठत जाण्याचा आनुवंशिक आजार असतो. शिवाय ताप किंवा शर्यतीनंतर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून जोडीला सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी तपासणी, करून घेतलेलं चांगलं.

भरमसाट पाणी पिणं

इथे जिवाशी गाठ आहे. घामातून जातं त्यापेक्षा जास्त पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली, म्हणजे कमी होतं. शर्यतीत वजन वाढणं ही त्याची मोठी खूण. चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना धोका अधिक, कारण पाण्याच्या प्रत्येक स्टेशनवर थांबून प्यायला त्यांना वेळ मिळतो. तहान लागेल तेवढंच प्या. स्पोर्ट्स ड्रिंकनेही बचाव होत नाही, त्यातलं सोडियम रक्तापेक्षा खूप कमी असतं. डोकं दुखतंय, उलट्या होताहेत, बोलणं असंबद्ध झालंय अशा धावपटूला बाटलीभर पाणी पाजू नका, वैद्यकीय तंबूत न्या.

शर्यतीच्या दिवशी आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर घेणंही याच चुकीत धरा. मूत्रपिंडाची जास्तीचं पाणी टाकायची ताकद घटते आणि आतड्यातला रक्तस्राव वाढतो.

शर्यत संपताच लांबचा प्रवास

लांब धावण्यानंतर रक्ताची गोठण्याची यंत्रणा चाळवलेली असते. लगेच तासन्‌तास एका जागी बसून प्रवास केला तर पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना जास्त. मधूनमधून उठून चाला, घोटे हलवत राहा. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, तर स्नायू ताणला असेल म्हणून मालिश करू नका. त्याच दिवशी डॉप्लर, म्हणजे पायातल्या शिरांची सोनोग्राफी, करून घ्या.