स्टीरिओ काळातील बिग बँड स्विंग पुन्हा ऐकताना या चुका टाळा

बिग बँड स्विंगचा, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदांनी वाजवलेल्या जॅझ नृत्यसंगीताचा, ऐन बहराचा काळ 1930 आणि 1940 च्या दशकांतला, आणि 1946 च्या अखेरीस अनेक नामांकित वाद्यवृंदांनी गाशा गुंडाळला, हे सर्वश्रुत आहे. मात्र ड्यूक एलिंग्टन यांनी आपला वाद्यवृंद मोडू दिला नाही, काउंट बेसी यांनी 1950 च्या दशकात आपला संच नव्याने बांधला, आणि 1958 मध्ये स्टीरिओ (डाव्या-उजव्या स्पीकरला वेगवेगळा आवाज देणाऱ्या) एलपी बाजारात येऊ लागल्या तेव्हा हे दोघेही पूर्ण भरात होते. त्या काळातील ध्वनिमुद्रणे आज शोधून ऐकणाऱ्यांपैकी अनेकांची पहिल्या काही दिवसांत निराशा होते. आवाज पोकळ वाटतो, ट्रम्पेट कानाला बोचतात, सगळी वाद्ये एकात एक मिसळलेली भासतात. बहुतेक वेळा त्याचा दोष वादकांकडे जात नाही. आपल्या हातातील ध्वनिमुद्रण कोणत्या वर्षीचे आणि कोणत्या पद्धतीने झालेले आहे, हे आधी पाहिले की निम्म्याहून अधिक तक्रारी तिथेच मिटतात, असे माझे ठाम मत आहे.

वेष्टनावरील ‘स्टीरिओ’ या शब्दावर विसंबू नका

सर्वांत जास्त फसगत होते ती येथे. स्टीरिओची मागणी वाढल्यावर कंपन्यांनी जुनी मोनो (दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारी) ध्वनिमुद्रणे कृत्रिमरीत्या दोन बाजूंना विभागून पुन्हा विकली. खर्जाचे स्वर एका स्पीकरकडे, वरचे स्वर दुसऱ्याकडे, आणि त्यात किंचित विलंब किंवा प्रतिध्वनी, असा तो साधारण प्रकार होता. कॅपिटॉल कंपनीने त्याला ‘ड्युओफोनिक’ असे नाव दिले होते. इतरांच्या वेष्टनांवर ‘इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड’ किंवा ‘रीप्रोसेस्ड’ असे बारीक अक्षरांत छापलेले आढळते. कान देऊन ऐकल्यास हा प्रकार ओळखता येतो: एकच ट्रम्पेटवादक वरच्या सुरात वाजवताना उजवीकडे उभा आहे असे वाटते आणि तोच खाली उतरला की डावीकडे सरकतो. खऱ्या स्टीरिओत माणूस आपली जागा सोडत नाही.

यासाठी थोडी तारखांची माहिती हाताशी असावी. त्या काळातील लोकप्रिय वाद्यवृंदप्रमुख ग्लेन मिलर 15 डिसेंबर 1944 रोजी इंग्लिश खाडीवरून जाताना विमानासह बेपत्ता झाले. त्यामुळे त्यांच्या मूळ वाद्यवृंदाच्या गाजलेल्या तबकड्या ‘स्टीरिओ’ म्हणून समोर आल्या, तर त्या कृत्रिम असणार हे गृहीत धरावे आणि त्याच ध्वनिमुद्रणांची मोनो आवृत्ती शोधावी. या नियमाला मोजके अपवाद आहेत. एलिंग्टन यांची 1932 मधील काही ध्वनिमुद्रणे एकाच वेळी दोन मायक्रोफोनांतून दोन वेगळ्या तबकड्यांवर घेतली गेली होती, आणि 1980 च्या दशकात संग्राहकांनी त्या दोन तबकड्या जुळवून त्यांतून खरा स्टीरिओ ध्वनी मिळवला. असे योग मात्र विरळाच.

दुसरा गोंधळ पुनर्निर्मित ध्वनिमुद्रणांचा आहे. ग्लेन ग्रे यांनी 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कॅपिटॉलसाठी, आणि पुढे 1970 च्या दशकाच्या प्रारंभी बिली मे यांनी टाइम-लाइफच्या मालिकेसाठी, जुन्या वाद्यवृंदांच्या गाजलेल्या रचना स्टुडिओतील निष्णात वादकांकडून स्टीरिओत पुन्हा वाजवून घेतल्या. हे काम अतिशय कसोशीने झालेले आहे आणि ते आवडीने ऐकावे. परंतु ते मूळ ध्वनिमुद्रण समजून विकत घेतले तर पदरी निराशा येते, म्हणून वेष्टनाच्या मागील बाजूस दिलेली वादकांची नावे आणि वर्ष वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

डावे-उजवे न तपासता ऐकायला बसू नका

स्पीकरच्या तारा उलटसुलट जोडल्या गेल्या असतील, तर नेहमीच्या गाण्यांत ते कदाचित लक्षातही येणार नाही. बिग बँडमध्ये मात्र सारी मांडणीच उलटी होते. हे तपासण्यासाठी 6 जुलै 1961 रोजी न्यूयॉर्क येथे कोलंबिया कंपनीने केलेल्या ध्वनिमुद्रणासारखे दुसरे साधन नाही. त्यात एलिंग्टन आणि बेसी यांचे दोन्ही वाद्यवृंद एकत्र वाजले आहेत: बेसी यांचा संच डावीकडे, एलिंग्टन यांचा उजवीकडे. एलिंग्टन यांच्या संचात तेव्हा गिटार नव्हती, त्यामुळे बेसी यांच्या संचातील फ्रेडी ग्रीन यांच्या गिटारचे ठोके डावीकडून यायला हवेत आणि एलिंग्टन यांच्या संचातील जॉनी हॉजेस यांचा लांबवत नेलेला अल्टो सॅक्सोफोन उजवीकडून. तसे होत नसेल तर तारा बदलाव्यात. हीच ध्वनिमुद्रिका मोबाइलच्या एकट्या स्पीकरवर ऐकली, तर दोन वाद्यवृंदांचा एकच ढीग होतो. तिथे मग कोणतीही युक्ती कामाची नाही, साधे हेडफोन लावावेत.

डावे-उजवे ठीक असूनही डबल बास क्षीण वाटत असेल आणि मध्यभागी असायला हवा तो एकल वादक कुठेच सापडत नसेल, तर एका स्पीकरचे धन आणि ऋण टोक उलट जोडले गेले आहे का, ते पाहावे. अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचे बटण असल्यास ते दाबून ऐकावे: जोडणी उलट असली, तर खर्ज वाढण्याऐवजी तसाच पोकळ राहतो. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या मागील दोन तारांची अदलाबदल केली, की दोष जातो.

टर्नटेबलची तार अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘फोनो’ जागेऐवजी ‘ऑक्स’मध्ये खोचली गेल्यास आवाज बारीक आणि किरटा येतो, याउलट, टर्नटेबलमध्येच आवाज आधी वाढवणारा प्रीअ‍ॅम्प असेल आणि तार ‘फोनो’मध्ये लावली, तर आवाज फाटतो.

फाटलेल्या आवाजाचे खापर एकदम तबकडीवर फोडू नका

ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन यांचे एकत्रित जोरकस फटके तबकडीवर कोरणे अवघड आणि पिनेने वाचणे त्याहून अवघड असते. लेबलजवळच्या आतल्या खाचांत तर हा ताण सर्वाधिक असतो. तेथे सर्वच तबकड्या फाटत असतील तर काट्रिजची (पिन धरणाऱ्या भागाची) बसवणी चुकली आहे किंवा पिन झिजली आहे. एखादीच फाटत असेल तर ती तबकडी झिजलेली आहे. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळणाऱ्या कित्येक एलपी एके काळी रेडिओग्रामच्या जड पिनेखाली वाजलेल्या असतात, आणि वरवर चकाकणारी तबकडीही आतून खरवडलेली असू शकते. विशेषतः, स्टीरिओ तबकडी जुन्या मोनो पिनेवर कधीही वाजवू नये. स्टीरिओ खाचेत पिनेला वर-खालीही हलावे लागते, आणि तशी लवचीकता नसलेली पिन खाचेची भिंत कायमची खराब करते. मोनो तबकडी स्टीरिओ काट्रिजवर बिनधोक वाजवता येते. तेव्हा मोनोचे बटण दाबले तर खरखरही पुष्कळ कमी होते.

प्रत्येक दूरस्थ आवाज हा बिघाड समजू नका

7 जुलै 1956 च्या रात्री अमेरिकेतील न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात एलिंग्टन यांच्या संचातील पॉल गोन्सालव्हेस यांनी एलिंग्टन यांच्या ब्लूज रचनेत टेनर सॅक्सोफोनची सलग 27 आवर्तने वाजवली आणि श्रोते खुर्च्यांवरून उठून नाचू लागले. मात्र गोन्सालव्हेस ध्वनिमुद्रण करणाऱ्या कोलंबियाच्या मायक्रोफोनसमोर उभे नव्हते. त्यांचा रोख व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओ सेवेच्या मायक्रोफोनकडे होता. म्हणून मूळ एलपीवर ते दूरवर वाजवत असल्यासारखे वाटतात, आणि त्या एलपीतील काही भाग तर नंतर स्टुडिओत वाजवून जोडलेला होता. व्हॉइस ऑफ अमेरिकेची फीत मिळाल्यावर दोन्ही ध्वनिमुद्रणे जुळवून 1999 मध्ये जी आवृत्ती निघाली, तीत गोन्सालव्हेस प्रथमच जवळून आणि स्टीरिओत ऐकू आले. ही मैफल ऐकायची असेल तर हीच आवृत्ती निवडावी.

सगळे एकाच पातळीवर ऐकू नका

फोनवरील अ‍ॅपमध्ये आवाजाची पातळी सारखी करणारी सोय किंवा खर्ज वाढवणारा इक्वलायझर चालू असेल, तर या संगीतातील चढ-उतार सपाट होण्याचा धोका असतो. बेसी यांनी ऑक्टोबर 1957 मध्ये रूलेट कंपनीसाठी नील हेफ्टी यांच्या रचना ध्वनिमुद्रित केल्या, त्यांतील ‘लिल डार्लिन’ हेफ्टी यांनी जलद लयीसाठी लिहिली होती आणि बेसी यांनी ती मुद्दाम संथ केली. त्या संथ लयीत ग्रीन यांच्या विजेविना वाजणाऱ्या गिटारचा प्रत्येक ठोका आणि सॅक्सोफोनवादकांनी एकत्र घेतलेला श्वास यांना जागा मिळते. या सोयी बंद कराव्यात, आवाजाची पातळी गिटार जेमतेम ऐकू येईल इतकी ठेवावी आणि ब्रास वाद्ये कडाडून उठल्यावर ती कमी करू नये.