मीठ विरघळवताना उष्णता मोजताय? या चुका टाळा

पाण्यात नवसागर टाकला, थर्मामीटर खाली आला, गणित मांडलं आणि उत्तर पुस्तकातल्या आकड्याच्या आसपासही नाही. मग सगळे गणितच परत परत तपासत बसतात. पण गडबड बहुतेक वेळा त्याच्या आधीच झालेली असते, म्हणून पहिलं हे बघा की उत्तर चुकलंय ते कुठल्या बाजूला.

उत्तर कमी येतंय? मग भांड्याकडे बघा. 100 ग्रॅम पाण्यात 5 ग्रॅम नवसागर (म्हणजे अमोनियम क्लोराईड, विरघळण्याची उष्णता +14.8 किलोज्यूल प्रति मोल, म्हणजे तेवढी तो ओढून घेतो) टाकला तर तापमान साधारण 3.1 अंशांनी उतरायला हवं. हेच काचेच्या बीकरमध्ये केलं तर बीकर स्वतः पण थंड होतो ना, त्याची उष्णता पाण्यात जाते, 120 ग्रॅमचा बीकर असेल तर फरक 2.6 च्या आसपासच दिसतो, आणि बाहेरच्या हवेतून येणारी उष्णता अजून वेगळीच. थर्माकोलचा कप घ्या, वर भोक पाडलेलं झाकण ठेवा, आणि कप कलंडू नये म्हणून तो बीकरमध्ये बसवा. बीकरचं काम तेवढंच.

तळाशी खडे राहिलेत का तेही बघा, न विरघळलेला क्षार वजनात मोजला जातो पण उष्णतेत नाही. बारीक पूड करा. सोरा (पोटॅशियम नायट्रेट) थंड पाण्यात जरा रेंगाळतो आणि तेवढ्या वेळात बाहेरची उष्णता आत येत राहते, त्यामुळे नुसतं सगळ्यात कमी रीडिंग धरू नका. टाकायच्या आधी तीन-चार मिनिटं आणि नंतरही दर 30 सेकंदाला रीडिंग घ्या, आलेख काढा आणि नंतरची रेघ मागे, क्षार टाकला त्या क्षणापर्यंत वाढवा. कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो असं माझं मत.

आता उत्तर भलतंच, अगदी उलटंच आलं तर? तर डब्यात काय आहे ते वाचा. मी एकदा कॅल्शियम क्लोराईड टाकून पाणी तापायची वाट बघत बसलो आणि पाणी चक्क गार झालं, थर्मामीटर बिघडला म्हणून दुसरा आणला तरी तेच 😅 डब्यावर हेक्साहायड्रेट (म्हणजे स्फटिकात आधीच पाण्याचे सहा रेणू असलेला प्रकार) लिहिलेलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं. निर्जल, म्हणजे बिनपाण्याचं, कॅल्शियम क्लोराईड विरघळताना मोलमागे 80 किलोज्यूलच्या वर उष्णता देतं, हेक्साहायड्रेट उलट ओढून घेतं. मोरचूदाचं (कॉपर सल्फेट) तसंच, निळे खडे पाणी गार करतात, भाजून पांढरी झालेली पूड तापवते. आणि निर्जल क्षाराची बाटली उघडी ठेवून वजन करत बसलात तर तो हवेतलं पाणी ओढत बसतो, वजन वाढतं, मोल तेवढेच राहतात.

गणितातल्या चुका पटकन सांगतो. उष्णता = mcΔT (c विशिष्ट उष्णता, ΔT तापमानातला फरक), यात m म्हणजे सगळ्या द्रावणाचं वस्तुमान, 105 ग्रॅम, नुसत्या क्षाराचं 5 ग्रॅम धरलं तर उत्तर 21 पट कमी येतं. ΔT मध्ये 273 मिळवू नका, फरक केल्विनमध्येही तेवढाच असतो. आलेल्या उष्णतेला भागायचं ते क्षाराच्या मोलने. आणि चिन्ह: पाणी गार झालं तर ΔH (म्हणजे मोलमागची विरघळण्याची उष्णता) धन, कारण पाण्याने गमावलेली उष्णता क्षाराने घेतली.

राहिलं साधं मीठ. 5 ग्रॅम मीठ 100 ग्रॅम पाण्याला जेमतेम 0.8 अंशाने गार करतं, एक-एक अंशाच्या खुणांच्या थर्मामीटरवर ते धड दिसणारच नाही, मग लोक वहीत ‘उष्णतेत बदल नाही’ लिहून मोकळे होतात. 0.1 अंश दाखवणारा थर्मामीटर मिळाला तरच मिठाच्या नादी लागा, नाहीतर सरळ नवसागर घ्या.