थंडीत पोरांना घेऊन कात्रजच्या झूला जाताय?

पुण्यातलं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बघायचं तर डिसेंबर-जानेवारीतच, फक्त बुधवारी बंद असतं तेवढं लक्षात ठेवा, आणि रविवार शक्यतो टाळाच. गेट उघडलं की आधी सर्पोद्यानाकडे वळा, कारण साप-मगरींना अंग गरम करायला ऊन लागतंच, मगर जबडा उघडा टाकून दगडासारखी पडलेली असते, पोरं विचारतात खरी आहे का, तर घाई न करता तिथंच थांबा, कधीतरी पापणी हलते. वाघ-सिंह नंतर. परिसर जवळपास १३० एकर आहे, आजी-आजोबा सोबत असतील तर बॅटरीवरची गाडी घ्या. स्वेटर असा घाला की दुपारी काढून बॅगेत कोंबता येईल. आणि प्लीज, प्राण्यांना काही खायला टाकू नका, पोरांना काचेवर टकटक करू देऊ नका.