हतनूरला पक्षी बघायला जाताय? त्यांच्या डोळ्यांच्या हिशोबाने तयारी कशी करायची

थंडीत जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला जाऊन आलेले बरेच जण सांगतात की बदकं लांबूनच उडाली. दुर्बीण भारीतली घेतात, पण आपण बदकाला कसे दिसतो हे कोणी बघत नाही.

पहिलं काम कपड्यांचं, आणि ते आदल्या रात्रीच करा. नकली नोटा तपासायचा अतिनील (यूव्ही) टॉर्च मिळतो ना, तो घ्या, खोलीत अंधार करा आणि शर्टावर मारा, डोळ्यात मात्र नको. शर्ट निळसर चमकला तर तो घरीच ठेवा. सफेदीवाल्या पावडरीतलं केमिकल अतिनील प्रकाश शोषून निळा बाहेर टाकतं, आणि तसला निळा बांधावरच्या गवतात कुठंच नसतो. आपल्या डोळ्याचं भिंग अतिनील अडवतं, रेटिनात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी पण 3 च प्रकारच्या. बहुतेक दिवसाच्या पक्ष्यांना 4 असतात, चौथी जांभळ्या नाहीतर थेट अतिनील प्रकाशाची. रिठ्याने एकदा धुऊन ते केमिकल जाईल असं समजू नका, न चमकणारा जुना खाकी शर्टच शोधा.

मिलिटरी छापाच्या जॅकेटवर पैसे घालवू नका असं माझं मत. पक्ष्याच्या शंकूपेशीत तेलाचा बारीक थेंब असतो, कुठे लाल, कुठे पिवळा, कुठे बिनरंगी (हा रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइडपासून बनतो), आणि प्रकाश या थेंबातून गाळूनच पुढे जातो. त्यामुळे प्रत्येक पेशी टिपते तो रंगांचा पट्टा अरुंद होतो, आणि आपल्याला सारखे वाटणारे दोन हिरवे त्याला वेगळे दिसू शकतात. त्यापेक्षा बाभळीच्या सावलीत, झुडपाला पाठ लावून बसा, म्हणजे माणसाचा आकार तरी मोडतो.

जागेवर उजाडायच्या आत पोचा. तेलाच्या थेंबांच्या गाळणीत थोडा उजेड वाया जातोच, म्हणून अंधुक प्रकाशात पक्ष्यांची रंगाची नजर आपल्या आधी बंद पडते. घुबडाला हे लागू नाही हां, त्याच्या रेटिनात कमी उजेडात बघणाऱ्या दंडपेशींचीच गर्दी.

बसलात की हलू नका. शंकूपेशींच्या जोड्या पण असतात आणि त्या हालचाल टिपतात असं मानतात, वर बदकाचे डोळे दोन्ही बाजूंना, त्याला जवळपास चहूकडचं दिसतं. कॅमेरा आधीच ट्रायपॉडवर लावून ठेवा, पाण्याची बाटली मांडीजवळ घ्या, आणि मोबाईल वाजला तर वाजू द्या, तो काढायला हात खिशाकडे गेला की थवा उडालाच.