आरसे हलले होते का? माझा अनुभव

देवगडला अंगणात ११४ मिमीचा रिफ्लेक्टर (आरशांची दुर्बीण) लावला तर शनी नुसता पेजेचा थेंब, वाटलं एसटीत धक्के खाऊन आरसे हलले, स्क्रूड्रायव्हर घेतलाच होता पण म्हटलं आधी नळी तासभर बाहेर गार होऊदे, गरम नळीनेही चित्र बिघडतं. मग ध्रुवतारा मधोमध घेतला, ताऱ्यामागे दुर्बीण फिरवणारी मोटर नाही ना, आणि तो जागचा हलत नाही (आमच्याकडे जेमतेम १६ अंश वर, माडांच्या फटीतून शोधावा लागतो), फोकस थोडा बिघडवला. गोल कड्या दिसल्या पण मधली काळी सावली (छोट्या आरशाची) एका बाजूला सरकलेली. म्हणजे आरसे जुळवायची गरज होतीच. मोठ्या आरशामागचा एक स्क्रू जरासाच फिरवायचा, तारा परत मध्ये आणायचा, परत बघायचं, तिसऱ्या खेपेला सावली मधोमध. आईने शनी बघितला, म्हणाली, स्टिकर चिकटवलायस काय रे?