आईच्या डोळ्याचा दाब: ऑपरेशननंतर काय सांभाळायचं
थायरॉइडमुळे बाहेर आलेल्या आईच्या डोळ्यांमागचं हाड काढून जागा केली, तेव्हा डोळ्यातला दाब २४ वरून १८ वर (मिमी पारा) आला. साधारण १० ते २१ ठीक मानतात. देवगडहून कोल्हापूरला तपासणीला जाताना वहीत तारीख, वेळ, आकडा लिहा. दाब समोर बघत असतानाच मोजायला सांगा. वर बघितलं की आखडलेला खालचा स्नायू डोळा आवळतो आणि आकडा चढतो. आम्ही एकदा त्यानेच हादरलो होतो.

स्टेरॉइडच्या थेंबांनीही दाब वाढू शकतो, पण मनाने बंद करू नका. डॉक्टर सांगेपर्यंत नाक शिंकरायचं नाही, अगदी पावसाळ्यातल्या सर्दीतसुद्धा.

डोळा अचानक ठणकून दगडासारखा घट्ट झाला, दिसणं कमी झालं, तर सकाळच्या एसटीची वाट बघू नका. रात्रीच गाडी काढा.